मनोहररावची बिनवायरची मशीन

उभ्या हनुमाननगरात भिंतीला भोक पाडण्यात माझा हात धरणारा माणूस नाही. आता खरं सांगतो. उभ्या जन्मात मी भोक एकच पाडलं, आणि तेही अर्धंच पडलं.

ज्याच्यासाठी पाडलं तो मनोहरराव तेव्हा वारलेला होता. विनोदी गोष्ट म्हणून पाय पसरून वाचायला बसला असाल, तर आधीच सांगून ठेवतो, हिच्यात एक मयत आहे आणि ती खरी आहे. खरी आहे हे मला मुद्दाम सांगावं लागतं, त्याला कारण आहे. सदर भागातल्या सरकारी ऑफिसात आम्ही दोघं सोबत नोकरीला. तो मॅट्रिक, म्हणून कारकून. मी सातवी नापास, म्हणून दफ्तरी. मी फायली बांधायचो, तो सोडायचा, असा आमचा सरकारी संसार. एकदा मनोहरराव वेळेवर आला नाही, तेव्हा मी चेहरा पाडून सांगितलं की गेला बिचारा. साहेबांनी सगळ्यांना उभं केलं, मौन पाळलं, ऑफिस बंद करायला सांगितलं, आणि तेवढ्यात मनोहरराव सायकलला कुलूप लावत दारात हजर. चपराशी त्याला आत घेईना. (साहेबांनीही सुटी काही रद्द केली नाही. त्यांना मॅटिनी गाठायची होती.) त्यामुळे रिटायर झाल्यावर मनोहरराव खरोखरच गेला आणि मी तो निरोप घेऊन सदरला पोचलो, तेव्हा कोणी खुर्चीवरून उठलं नाही.

"हा जुना झाला गा रुपराव," म्हणाले, "आता नवीन काही सांग."

मी तिथंच बाकावर बसलो. नवीन सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं.

आता मशीनचं सांगतो. मनोहररावचा भाचा श्रीधर मस्कतला कंपनीत होता. सुटीवर यायच्या आधी तो विचारायचा, मामाजी, काय आणू? लोकांचे मामा टेपरेकॉर्डर मागतात, घड्याळ मागतात. रंभाबाई वहिनींनी मिक्सर सांगून ठेवला होता. मनोहररावनं बायकोचा मिक्सर कापला आणि भोक पाडायची मशीन मागितली. तीही बिनवायरची.

"बिनवायरची काहून?" मी विचारलं.

"अबे, वायर असली का माणूस बटनाजवळ बांधला जाते," तो म्हणाला. "ही घेऊन मी कुठंही जाऊ शकतो."

"कुठं जाशील?"

यावर तो विचारात पडला. रिटायर झाल्यापासून तो रेशीमबागेच्या पुढे गेलेला नव्हता.

मशीन आली. दिसायला थेट पिस्तूल. (ती आली त्याच हप्त्यात पानठेल्यावर मी सहज बोलून गेलो की मनोहररावकडे मस्कतहून बंदूक आली. दुसऱ्या दिवशी चौकीतला हवालदार त्याच्याकडे चहाला. मनोहररावनं बटन दाबून मशीन फिरवून दाखवली, तर हवालदार आपल्या घरच्या पडद्याच्या दांड्याचं माप सांगून गेला.) सोबत एक पुस्तक होतं, अर्धं जपानी आणि अर्धं अरबी. आम्ही दोघं चित्रांवरून अर्थ लावायला बसलो.

"पाण्याच्या थेंबावर फुली," मनोहरराव म्हणाला. "म्हणजे भिजवाची नाही."

"सूर्यावर फुली. उन्हात ठेवाची नाही."

"लेकरावर फुली," तो म्हणाला. "हे आपल्याले लागूच नाही." आणि त्यानं पान उलटलं.

त्याला मूलबाळ नव्हतं. पुढच्या चित्राची मी काहीतरी थट्टा केली, पण ती जमली नाही.

मग त्यानं ती मशीन अशी काही सांभाळायला घेतली की सासुरवाडीला आलेल्या जावयालाही कोणी इतकं जपत नसेल. थंडीत लोकरीच्या मफलरमध्ये गुंडाळायचा. उन्हाळ्यात कूलरची हवा आधी मशीनला, उरली तर वहिनींना. कूलर पाणी उडवतो म्हणून मशीनच्या डोक्यावर छत्री. दर शनिवारी संध्याकाळी तिला लाईन पाजायचा, म्हणजे वीज भरायचा. तिचा प्लग आपल्याकडच्या भोकात जात नव्हता, म्हणून वायरची दोन टोकं सोलून भिंतीवरच्या बटनाच्या भोकात आगपेटीच्या काड्यांनी अडकवायची. मग तिच्या पोटावरचा लाल दिवा लागायचा, आणि हा पुढ्यात खुर्ची टाकून बसायचा. तिच्या टोकाची सळी घट्ट करायची एक दातेरी किल्ली होती, ती हरवू नये म्हणून कमरेच्या करगोट्याला बांधून फिरायचा. सगळं करायचा, फक्त तिच्यानं भोक पाडत नव्हता.

"वापरली का झिजते," म्हणायचा.

"अन् नाही वापरली तं?"

"तं नवीन राहते."

एवढं सोप्पं गणित मॅट्रिकच्या माणसालाच सुचतं.

आता याच गणितातून त्यानं पुढचा घोळ घातला. दिवाळीला घराला चुना लावायचा होता, त्या निमित्तानं त्यानं घरातला खिळा अन् खिळा उपटला. आता खिळ्याचा जमाना गेला, म्हणाला. मशीननं भोक पाडायचं, त्यात लाकडाची गिट्टी बसवायची, गिट्टीत स्क्रू कसायचा, शंभर वर्षं हालत नाही. आरसा खाली आला, कॅलेंडर खाली आलं, देवाच्या तसबिरी खाली आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, शिक्षा झालेल्या पोरांसारख्या. वहिनी तेव्हापासून जमिनीवर बसून, वाकून भांग पाडायच्या. कुठं कुठं भोकं पाडायची तिथं मनोहररावनं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या. मुहूर्त तेवढा राहिला. पाडव्याला त्याला सर्दी होती. तुळशीच्या लग्नाला लाईन नव्हती. पौष लागला, पौषात चांगलं काम करत नाहीत. आणि पौषातच एका दुपारी जेवून खुर्चीवर टेकला, तो उठलाच नाही.

त्याच्या खुर्चीच्या बरोबर वर भिंतीवर एक फुली होती. इथं काय लागणार आहे, असं वहिनींनी त्याला विचारलं होतं म्हणे. पाहू, म्हणाला होता.

मनोहररावचे थोरले भाऊ गणपतराव काटोलचे. संत्र्याचा बगीचा, मोठं घर, घरभर माणसं. गणपतराव वाईट माणूस नव्हते, तीच मोठी पंचाईत होती. वाईट असते तर भांडता आलं असतं. दहाव्यापर्यंत ते इथंच राहिले, सगळं त्यांनीच केलं, आणि निघताना मला म्हणाले, "तेरवीच्या दिवशी सकाळी जीप घेऊन येतो. जेवणं झाली का रंभाले काटोलले घेऊन जाऊ. बाईमाणूस एकटी कशी राहीन इथं? मनोहरचा फोटोही तिथंच लावू. मी जाऊन खिळा ठोकून ठेवतो."

वहिनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढून फरशीकडे पाहत राहिल्या. ते गेल्यावर सैपाकघरात माझ्या बायकोला, जिजाबाईला, म्हणाल्या, "मले नाही जायचं वं."

मी दारातच होतो. "मग तसं सांगा ना त्यांले," मी म्हणालो.

"भाऊजी, लग्न झाल्यापासून भासऱ्यांसमोर तोंड उघडलं नाही. आता कोणत्या तोंडानं उघडू?"

"मी सांगतो."

"तुम्ही सांगसान तं ते हासतीन," वहिनी म्हणाल्या. "तुमचं कोणी खरं मानते का?"

हे सदरच्या ऑफिसनंतर मी दुसऱ्यांदा ऐकलं. जिजाबाईनं मान डोलावली, ती वेगळीच.

या घरात ज्याचं खरं मानलं जातं असं माणूस एकच होतं, मनोहररावची आत्या, रुखमाबाई. वय नव्वदीच्या आसपास, डोळे अधू, कान शाबूत, आणि घराण्याच्या सगळ्या रीती तोंडपाठ. मयताच्या दिवशी आली ती तेरवीपर्यंत मुक्कामाला. तिच्यापाशी मी जाऊन बसलो.

"आत्याबाई, फोटोची काही रीत आहे का आपल्याकडं?"

"नाही कशी? तेरवीचं पान वाढाच्या आधी फोटो ज्या भितीले लागला, त्या भितीवरून वर्षसराद्धापर्यंत हालत नाही. हात लावाचा नाही त्याले. अन् फोटो जिथं, त्याची बाई तिथं. नाही तं रोज दिवा कोन लावीन?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. (माझ्या डोक्यात उजेड पडला की आसपासच्या लोकांनी बाजूला व्हावं, असं जिजाबाई सांगत असते.) गणपतराव यायच्या आधी फोटो इथल्या भिंतीला लागला, की वहिनींना तोंड उघडायची गरजच नाही. वर्षभर कोणी हालवणार नाही. मी म्हटलं, "आत्ताच एक खिळा ठोकून टाकतो."

"खबरदार," आत्याबाई म्हणाली. "पान निघेपर्यंत घरात हातोडी नाही वाजली पाह्यजे. गेलेल्याले वाटते, मांगून कोनी हाक मारून राह्यलं. तो वापस फिरते."

झालं. एक रीत लावा म्हणते, दुसरी लावू नका म्हणते. मी उठणार तेवढ्यात नजर कपाटावर गेली. तिथं मफलरमध्ये गुंडाळून मनोहररावचं लेकरू बसलेलं.

"आत्याबाई, ठोकलं नाही अन् फिरवलं, तं चालते का?"

"काय फिरवतं?"

"जातं फिरवते ना, तसं. गरगर."

आत्याबाईनं विचार केला. "जातं तं फिरवाच लागते बाप्पा. नाही तं तेरवीचे वडे कायचे करसान?"

परवानगी मिळाली. वहिनींना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा थोड्या हसल्यासारख्या झाल्या. म्हणाल्या, "त्या मशीनीत चटणी होत असती तं मी कधीच वापरली असती. पाहा तुम्हीच."

तेरवीच्या आदल्या संध्याकाळी मी मशीन मफलरमधून काढली आणि काड्या लावून लाईनवर ठेवली. मयताच्या दिव्याच्या कोपऱ्यातच बटन होतं, दुसरं जवळ नव्हतं. पोटावरचा लाल दिवा लागला. मी पाणी प्यायला आत गेलो, परत येतो तर आत्याबाई भिंत चाचपत तिथं आलेली. अधू डोळ्यांना तो लाल ठिपका तेवढा दिसला असावा. ती त्याच्यासमोर हळूच बसली.

"मनोहर," ती म्हणाली, "अजून इथंच हायस का रे?"

मी तोंडावर हात दाबून दारामागे उभा. असा प्रसंग देव मला वर्षातून एकदा देतो.

"जाय गा बाबू आता," आत्याबाई म्हणाली. "मी मोठी असून राह्यली, तू गेला, हे काही बरं नाही झालं. पन जाय. तिची काळजी नोको करू."

आणि लाईन गेली. सगळ्या मोहल्ल्याची गेली. लाल दिवा विझला. आत्याबाईनं हात जोडले, "गेला," म्हणाली, आणि डोळे पुसत भिंत चाचपत आत गेली.

मी दारामागेच उभा होतो. तोंडावरचा हात काढला, पण हसू काही आलं नाही. लाईनही आली नाही. मशीन अर्धपोटी राहिली, हे मला कळत होतं. पण म्हटलं, एकच तर भोक पाडायचं आहे. एका भोकाला किती लागतं?

सकाळी वडे तळायचा वास सुटला होता. मी मनोहररावची खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर चढलो आणि मशीन फुलीवर टेकवली. टोकाला मनोहररावनं एक चकचकीत सळी, म्हणजे बिट, आधीच घट्ट करून ठेवलेली होती. भिंतीची की लाकडाची, हे त्याला माहीत, किंवा त्यालाही नाही. मी म्हटलं, चकचकीत आहे म्हणजे चांगलीच असेल. जिजाबाई खुर्ची धरून. वहिनी फोटो छातीशी धरून. फोटो आमच्या ऑफिसच्या निरोपसमारंभाच्या ग्रुपमधून मोठा केलेला. स्टुडिओवाल्यानं मला कापून टाकलं, पण मनोहररावच्या खांद्यावरची माझी बोटं तेवढी राहिली.

"तुम्हाले येते का हे?" जिजाबाई म्हणाली.

"येण्यासारखं काय आहे त्याच्यात? बटन दाबाचं अन् धरून राहाचं."

"धरून राहाचं हेच तुम्हाले कोणत्या कामात जमलं?"

मी बटन दाबलं. घुर्रर्र. चुना उडाला, पांढरी धूळ माझ्या डोक्यावर, मिशीवर, खाली जिजाबाईच्या डोक्यावर. मशीन लोण्यासारखी आत शिरली. मी खाली पाहून वहिनींना म्हटलं, "पाहा, मनोहर उगाच घाबरत होता." तेवढ्यात तिचा आवाज बदलला. गिलावा संपला आणि आत सिमेंटचा खांब लागला. मशीन किंचाळली. मी सारं अंग तिच्यावर टाकलं. घुर्र. घुर. घु. आणि मग एक लांब उसासा टाकून गप्प झाली.

मी बटन पुन्हा दाबलं. काही नाही. मागे ओढली. येईना. डावीकडे हालवली, उजवीकडे हालवली. शेवटी दोन्ही हातांनी धरून मी तिला लोंबकळलो, पाय खुर्चीवरून सुटले, तरी येईना. भिंतीतून पिस्तूल बाहेर आल्यासारखी ती तशीच रोखलेली, आणि तिची मूठ खाली लोंबत.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. ती दमली आहे."

"मशीन दमते का?" जिजाबाई म्हणाली. "अन् तुम्ही असे टांगून काहून आहात?"

मी खुर्चीवर पाय टेकले आणि डोकं चालवलं. ती दातेरी किल्ली फिरवली की मशीन बिटला सोडते, हे मी मनोहररावला करताना पाहिलं होतं. बिट राहू दे भिंतीत, खिळ्यासारखी. मशीन तर निघेल. "वहिनी, किल्ली कुठं आहे हिची?"

"त्यांच्या करगोट्याले होती," वहिनी म्हणाल्या.

"मग कुठं ठेवली?"

"आंघोळ तुम्हीच घातली होती ना, भाऊजी."

घातली होती. किल्ली पाहिलीही होती. कोणीतरी म्हणालं, काढा, तेव्हा मीच म्हणालो होतो, राहू द्या, कपाटाची असेल. वर गेल्यावर त्यालाही काही तर उघडावं लागेल. लोक त्या रडारडीतही हसले होते. आता ती किल्ली घाटावरच्या राखेत होती.

मग एकच उपाय राहिला, लाईन पाजायची. मी वायर मशीनला लावली, काड्या बटनात खुपसल्या. लाल दिवा लागेना. लाईन कालपासून जी गेलेली, ती अजून गेलेलीच. आणि बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

गणपतराव आत आले. मागून काटोलचे चार पाहुणे. त्यांनी चपला काढल्या, टोप्या काढल्या आणि भिंतीकडे तोंड करून मशीनला हात जोडले. त्यांचं काही चुकलं नाही. तेरवीच्या घरी भिंतीवर जे असेल त्याला माणूस हात जोडतो. एक जण तर डोळे मिटून बराच वेळ उभा राहिला.

गणपतरावांनी मात्र डोळे उघडे ठेवले होते. "रुपराव, हे काय होय?"

"मशीन होय जी. मनोहरची."

"भिंतीत काहून खुपसली?"

"भोक पाडत होतो."

"मग पडलं का?"

"पडलं तं आहे," मी म्हणालो. "फक्त मशीन त्याच्यातच राहिली."

गणपतरावांनी माझ्याकडे पाहिलं. पांढरी मिशी, पांढऱ्या भुवया, खुर्चीवर उभा. मग त्यांनी धोतर सावरलं, मला खाली उतरवलं आणि स्वतः चढले. वाळलेल्या संत्र्याचं झाड मुळासकट उपटणारा माणूस तो. त्यांनी मशीनची मूठ धरली, भिंतीला एक पाय लावला आणि ओढली. मानेच्या शिरा फुगल्या. पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "हळू जी, भिंत येईन." भिंतही आली नाही आणि मशीनही. गणपतराव धापा टाकत उतरले.

"राहू द्या आता," ते म्हणाले. "पान वाढाची वेळ झाली. फोटो खुर्चीवर ठेवू, तिथंच पान दाखवू. संध्याकाळी काटोलले नेऊन लावू." आणि त्यांनी फोटोसाठी हात पुढे केला. "दे वं रंभा."

सैपाकघरात तेलाचा चर्र आवाज तेवढा येत होता. वहिनींचा चेहरा पदरात होता, दिसत नव्हता. फोटो धरलेली बोटं दिसत होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आयुष्यात कधी नव्हे ते मला एकही खोटं सुचलं नाही. आणि खरं माझ्या तोंडून कोणी ऐकतच नाही.

वहिनींनी फोटो दिला नाही. त्या गणपतरावांच्या बाजूनं खाली मान घालून पुढे गेल्या, पदर दातात धरला, खुर्चीवर चढल्या, आणि फोटोची दोरी मशीनच्या पाठीवरून टाकली. फोटो एकदा झुलला, भिंतीला टेकला आणि थांबला. वहिनी उतरल्या आणि होत्या तिथंच येऊन उभ्या राहिल्या.

गणपतराव पाहतच राहिले. मग म्हणाले, "हे काही खरं नाही. हा काही खिळा होय का?" आणि आतल्या खोलीकडे वळून, "आत्या, इकडं ये बरं. हे चालते का, सांग."

आत्याबाईला धरून आणलं. तिनं हात वर करून आधी फोटोची चौकट चाचपली, मग दोरी, मग मशीन, मग मशीन जिथं भिंतीत शिरली होती ती जागा.

"फोटो कायले लागला?" तिनं विचारलं.

"मशीनले," गणपतराव म्हणाले.

"मशीन कायले लागली?"

"भिंतीले."

"निघते का?"

गणपतरावांनी खाली पाहिलं. त्यांच्या हाताचा तळवा अजून लाल होता.

"मंग लागला," आत्याबाई म्हणाली. "आता वर्षसराद्धापर्यंत कोनी हात नोका लावू. पान वाढा."

पान वाढलं. वडे, वरण, भात, आळूची भाजी, सगळं खुर्चीसमोर ठेवलं. पाहुण्यांनी पुन्हा हात जोडले, या खेपेला फोटोला. (डोळे मिटून जो उभा राहिलेला होता, त्यानं मशीनलाही पुन्हा जोडले. त्याचं बहुतेक मन बसलं होतं.) जेवणाच्या पंगतीत गणपतराव माझ्या बाजूला होते. त्यांनी वड्याचा तुकडा तोडला आणि पुन्हा पानात ठेवला.

"रुपराव," ते हळूच म्हणाले, "तिले यायचं नव्हतं का?"

"नव्हतं जी."

"मग सांगाचं होतं ना कोणी."

मी वरण कालवत राहिलो. ते पुन्हा म्हणाले, "मी तं घरी खिळा ठोकून ठेवला. आता त्याले काय लावू?"

गणपतरावांना मुलगे होते, सुना होत्या, नातवंडं होती, पण भाऊ तो एकच होता. यावर मला एक चांगली थट्टा सुचली होती. मी ती गिळली आणि म्हणालो, "कॅलेंडर लावा जी." त्यांनी मान हालवली. एवढंच बोलणं झालं. जाताना त्यांनी वहिनींकडे न पाहता जिजाबाईला सांगितलं, रंभाले म्हणा, काही लागलं तं निरोप पाठवजो, आणि आत्याबाईला जीपमध्ये पुढे बसवलं. वहिनींसाठी मागे सीटवर सतरंजी अंथरून आणली होती, ती तशीच गेली.

पाहुणे गेल्यावर घर एकदम मोठं झालं. भिंतीला टेकलेल्या तसबिरी, जमिनीवरचा आरसा, उरलेल्या फुल्या. जिजाबाई भांडी विसळत होती. वहिनींनी चहा आणला आणि समोर बसल्या. मनोहररावच्या खुर्चीवर मी बसलो नाही. तिच्या बाजूला खाली बसलो. गेल्या तेरा दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की मित्रासाठी आपल्या हातून काही झालं. आणि असं वाटलं की मला गप्प बसवत नाही.

"पाहा वहिनी," मी म्हणालो, "मनोहरनं एवढी जपली, पण कामाले आणली ती आपण. तुम्हाले तोंड उघडावं लागलं नाही, कोणाशी भांडावं लागलं नाही, अन् आता वर्षभर तुम्हाले इथून कोणी हालवत नाही. मशीन मनोहरची, घर मनोहरचं, ते ठीक आहे. पण डोकं कोणाचं, सांगा बरं?"

वहिनींनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं.

"डोकं तुमचंच, भाऊजी," त्या म्हणाल्या. "पाहा ना, फोटो केवढा वाकडा लागला. अन् आता वर्षभर त्याले हातही लावता येत नाही. तं ते डोकं घेऊन रोज संध्याकाळी चहाले येत जा, अन् त्यांच्यासमोर तिरपं धरून बसत जा."